जंताचे औषध पाजण्यापूर्वी जंत ओळखा

जनावर वाळले, दूध आटले की आपण दुकानातून जंताचे औषध आणतो आणि पाजून मोकळे होतो. पुष्कळदा पैसे जातात, जनावर मात्र तसेच. कारण सगळे जंत एका जातीचे नसतात. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनने गोल जंत मरतात. चपट्या जंतांना त्याने काहीच होत नाही.

चपट्या जंतांना गुदद्वार नसते. बहुतेकांत नर-मादीचे अवयव एकाच अंगात असतात. परजीवी चपट्या जंतांचे मुख्य गट तीन.

पहिला पर्णकृमींचा. आकार पानासारखा, चिकटायला चूषक. यकृतातला ‘लिव्हर फ्लूक’ यातलाच. शेणातली अंडी पाण्यात फुटतात, पिल्लू गोगलगायीत शिरते. तिथे एकाची शेकडो होतात आणि पाणथळ गवतावर, भाताच्या धाटांवर येऊन बसतात. चाऱ्यातून पोटात गेली की यकृत पोखरतात. जनावर खंगते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते. शेणात अंडी दिसायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून एकदा तपासणीत काही सापडले नाही, तरी निर्धास्त राहू नका.

दुसरा पट्टकृमींचा. फितीसारखा लांब, तुकड्या-तुकड्यांचा. याला ना तोंड, ना आतडे. जनावराने पचवलेले अन्न हा अंगातूनच शोषतो. करडा-कोकरांच्या लेंड्यांत शिजलेल्या भातासारखी शिते दिसली, तर समजा हाच. कुत्र्याच्या एका पट्टकृमीची अंडी पोटात गेली, तर मेंढीच्याच नव्हे, माणसाच्याही यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

तिसरा गट माशांच्या कल्ल्यांवर व अंगावर आकड्यांनी चिकटतो. त्याला गोगलगाय लागत नाही. शेततळ्यात माशांची दाटी झाली की तो झपाट्याने पसरतो.

मग करायचे काय? आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्या. पर्णकृमीला ऑक्झिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोल, पट्टकृमीला प्राझिक्वांटेल, असा हिशेब असतो. मात्रा वजनावर, ती डॉक्टरांनाच ठरवू द्या. गाभण जनावराला त्यांना विचारल्याशिवाय अल्बेंडाझोल मुळीच पाजू नका. डबक्याकाठी चारू नका, पाणी हौदावर पाजा. जमल्यास बदके पाळा, ती गोगलगायी फस्त करतात.

आणि ग्रामपंचायतीने एवढे पाहावे: कापलेल्या वा मेलेल्या जनावराची आतडी-काळीज गावच्या कुत्र्यांपुढे पडता कामा नये. खोल खड्ड्यात पुरून टाकावे. पट्टकृमीचा फेरा तिथेच तुटतो.