‘रॉसची चकती’ : एका षष्ठीचा अर्थ आणि संग्राह्य वस्तूचे मोल

बर्फावरील हॉकीच्या जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा काळ्या रबराची एक चकती येते. तिचा व्यास ३ इंच व जाडी १ इंच. चेंडूऐवजी हीच खेळात वापरली जाते व तिला ‘पक’ म्हणतात. काही चकत्यांवर आर्ट रॉस हे नाव, टायर हे मॅसॅच्युसेट्समधील रबर-उत्पादकाचे नाव आणि २२२६५१६ हा अमेरिकन पेटंटचा क्रमांक आढळतो. अशी चकती ‘रॉसची’ म्हणून ओळखली जाते. परंतु या षष्ठीने सुचविलेला संबंध कोणता, यावरच तिचे मोल ठरते.

आर्ट रॉस हा बॉस्टन ब्रुइन्स या संघाचा १९२४ पासूनचा पहिला प्रशिक्षक व व्यवस्थापक. त्याच्या व्यवस्थापनाखाली संघाने १९२९, १९३९ व १९४१ मध्ये स्टॅन्ले चषक जिंकला. (ऑन्टॅरिओतील त्याचे बालपण इंग्रजी व ओजिब्वे अशा दोन भाषांत गेले, ही गोष्ट भाषाभ्यासकाने सहज नोंदवून ठेवावी अशी आहे.) खेळाच्या साधनांतही त्याने सुधारणा केल्या. त्याने आखलेली गोलाची जाळी १९८४ पर्यंत वापरात होती. चकतीच्या कडा त्याने किंचित उतरत्या केल्या व नैसर्गिक रबराच्या जागी कृत्रिम रबर आणले. त्यामुळे तिचे उसळणे कमी झाले.

तेव्हा चकतीवरील नाव योजकाचे आहे, स्वामीचे नव्हे; ती सही तर नव्हेच. रॉसने ती हाती धरली होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आपल्याकडील नाण्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. शाहआलम १८०६ मध्ये निवर्तला, तरी त्याच्या नावाचे रुपये ईस्ट इंडिया कंपनी १८३५ पर्यंत पाडीत होती. त्या नाण्यांवरून बादशहा हयात होता असे कोणी म्हणत नाही. मग चकतीबाबतच भोळेपणा का दाखवावा?

नावापेक्षा क्रमांक अधिक बोलका आहे. हे पेटंट १९४० मधील असल्यामुळे क्रमांक धारण करणाऱ्या चकतीची पूर्वमर्यादा आपोआप ठरते. अशी चकती १९३९ च्या अंतिम सामन्यातील आहे असे कोणी सांगितले, तर सांगणारा कितीही प्रामाणिक असो, ते विधान टिकत नाही. उत्तरमर्यादा मात्र क्रमांकावरून निघत नाही, कारण साचा टिकेल तोवर तोच लेख उमटत राहू शकतो.

रॉसने १९४७ मध्ये लीगला दिलेल्या, सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या खेळाडूच्या करंडकालाही त्याचेच नाव आहे. तेथे षष्ठी दात्याची. याउलट त्याची सही असलेल्या करारपत्रात मजकूर टंकलेखकाचा असू शकतो, सही मात्र त्याच्या हातची; म्हणून तेथे परीक्षा करावयाची ती अक्षराच्या वळणाची, शाईची आणि तो कागद कोणाकोणाच्या हातून आला याची.