फरक्क्याचं पाणी आणि बदलती सरकारं
भारत-बांगलादेश गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत 12 डिसेंबर 2026 रोजी संपते. मुदतवाढ आपोआप मिळत नाही, दोन्ही देशांची संमती लागते. जून 2024 मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा नूतनीकरणाची तांत्रिक बोलणी सुरू करायचं ठरलं. 5 ऑगस्टला त्यांना देश सोडावा लागला आणि सगळंच अधांतरी झालं.

असं पहिल्यांदा घडत नाहीये. हुगळीतला गाळ वाहून जावा, कोलकाता बंदर तगावं म्हणून भारताने गंगेवर बांधलेला फरक्का बंधारा एप्रिल 1975 मध्ये सुरू झाला. बांगलादेशातल्या मुजीबुर रहमान यांच्या सरकारने त्या एका उन्हाळ्यापुरतं 11 ते 16 हजार क्युसेक पाणी वळवू दिलं. ऑगस्टमध्ये मुजीब यांची हत्या झाली. पुढच्या मे महिन्यात तिथले नेते मौलाना भाशानी पाणी वळवण्याविरुद्ध हजारोंचा मोर्चा घेऊन राजशाहीहून फरक्क्याच्या दिशेने निघाले.

सत्ताबदल दर वेळी घातच करतो असंही नाही. 1977 मध्ये दिल्लीत जनता सरकार आलं आणि त्याच नोव्हेंबरात पाच वर्षांचा करार झाला. प्रवाह कितीही आटला तरी बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान 80 टक्के पाणी, ही त्यातली हमी मला सगळ्यात मोलाची वाटते. 1982 च्या समझोत्यात ती गळली. 1988 नंतर तर आठ वर्षं कसलाच करार नव्हता. बांगलादेशातली गडाई नदी उन्हाळ्यात कोरडी पडे, खुलन्याकडे खारं पाणी आत शिरे. सोसलं ते तिथल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी.

1996 मध्ये देवेगौडा आणि हसीना, दोघंही नव्याने सत्तेवर आलेले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी ढाक्याला जाऊन वाट मोकळी केली आणि आजचा करार झाला. जानेवारी ते मे प्रवाह 70 हजार क्युसेकपर्यंत असेल तर निम्मं-निम्मं. ऐन टंचाईत, 11 मार्च ते 10 मे, दर दहा दिवसांनी आळीपाळीने एकेका देशाला 35 हजारांची खात्री. दोन्हीकडचे अभियंते फरक्का आणि हार्डिंज पुलापाशी मिळून पाणी मोजतात. ढाक्यातली राजवट उलटल्यावरही मार्च 2025 मध्ये संयुक्त समिती कोलकात्यात बसली, बांगलादेशी पथक फरक्क्याला गेलं. या कामावर माझा भरवसा आहे.

मात्र प्रवाह 50 हजारांखाली गेला तर तातडीने बोलणी करावीत, एवढंच आजचा करार सांगतो. नव्या करारात 1977 ची हमी परत यायला हवी, आणि पश्चिम बंगाल व बिहारला सह्यांच्या आधी चर्चेला बसवायला हवं.