श्रावकाची बारा व्रते

जैन साधू-साध्वी पाच महाव्रते संपूर्ण पाळतात. संसारी श्रावक-श्राविकांसाठी तीच व्रते मर्यादेत सांगितली आहेत.

● ५ अणुव्रते : अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य (जोडीदाराशी एकनिष्ठा) आणि अपरिग्रह. जमीन, सोने, धान्य किती ठेवायचे, याची मर्यादा ज्याची त्याने ठरवायची.

● ३ गुणव्रते, ४ शिक्षाव्रते : प्रवासाला व उपभोगाला मर्यादा, निरर्थक हिंसेचा त्याग, सामायिक (समभावाने ध्यान), उपवास, अतिथीला दान.

● हिंसेचे ४ प्रकार : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला पूर्ण वर्ज्य. घरकाम, व्यवसाय, आत्मरक्षण यांत घडणारी बाकी तीन प्रकारची हिंसा होईल तितकी टाळायची. कोल्हापूर-सांगलीकडचे जैन शेतकरी या चौकटीत पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आले आहेत.

● पाणी : दुपदरी कापडातून गाळतात. मग गाळलेल्याच पाण्याने कापड हलकेच धुऊन ते पाणी मूळ विहिरीत सोडतात, म्हणजे अडकलेले सूक्ष्म जीव जगतात.

● जेवण : सूर्यास्तापूर्वी.

● क्षमा : श्वेतांबर पंथीय संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ (माझे दुष्कृत्य मिथ्या होवो) म्हणतात, दिगंबर पंथीय दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणी पाळतात. क्षमा मागायची ती माणसांचीच नव्हे, सर्व जीवांची.