टाळ मुके झाले तेव्हां

सन २०२० च्या चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर यात्रा भरली नाहीं. ज्या दिवशीं सासनकाठ्या नाचवीत लाखों माणसें ज्योतिबाच्या नांवानें चांगभल्याचा घोष करतात आणि गुलालानें सारा डोंगर रंगून जातो, त्या दिवशीं तेथें पुजाऱ्यांचाच काय तो वावर होता. करवीर नगरींत अंबाबाईच्या देवळाचे दरवाजेही मार्चपासून भक्तांस बंद होते. ते उघडले त्या वर्षींच्या दिवाळीच्या पाडव्यास, १६ नोव्हेंबर रोजीं. नवरात्र मध्यें येऊन गेलें. पुढें दुसऱ्या लाटेंत देवळें पुन्हां बंद झालीं, तीं ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेस उघडलीं. या सर्व काळांत देवीची पूजाअर्चा यथासांग होत होती. थांबलें तें अनेकांनीं मिळून गाणें, आणि त्याविषयींच आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

दुकानें उघडलीं, मग भजनानेंच काय पाप केलें, असा प्रश्न त्या वेळीं कित्येक वडीलधाऱ्यांनीं केला. प्रश्न रास्त होता, पण त्याचें उत्तर अमेरिकेंतील एका दुर्दैवी घटनेनें आधींच दिलें होतें. वॉशिंग्टन राज्यांतील स्कॅजिट खोऱ्यांत एक हौशी गायकवृंद आहे. १० मार्च २०२० रोजीं त्याची अडीच तास तालीम झाली. हजर ६१ मंडळी. त्यांपैकीं एकाच्या अंगीं रोगाचीं लक्षणें दिसत होतीं. पुढें आणखी ५२ जणांस, ३२ खात्रीनें व २० बहुधा, तोच रोग जडला आणि दोघे दगावले. त्याच वर्षीं इंग्लंडांत झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, सारख्याच जोरानें बोललें काय आणि गायलें काय, मुखांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांत फारसा भेद नाहीं. मात्र अगदीं हळू स्वरापासून अगदीं मोठ्या स्वरापर्यंत गेल्यास त्यांचें प्रमाण २० ते ३० पट वाढतें. आतां वारकरी भजनांत हळू स्वर कोणीं ऐकला आहे? नाद हा प्राण आणि अग्नि यांच्या संयोगानें होतो असें संगीतरत्नाकरांत शार्ङ्गदेवानें सांगितलें आहे. ज्या प्राणावर नाद उभा राहतो, त्याच प्राणावर बसून रोग शेजाऱ्याकडे जात होता. बंदी योग्यच होती, याविषयीं आम्हांस तिळमात्र संदेह नाहीं.

ही अडचण एकट्या टाळमृदंगाची नव्हती. विलायतेंतील कॅथेड्रलांत मुलांचे व प्रौढांचे गायकवृंद शतकानुशतकें उपासना गात आले आहेत. मार्च २०२० मध्यें तेही थांबले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत १९१८ पासून नाताळच्या आदल्या दिवशीं गीतोपासना होते. सन २०२० मध्यें ती प्रथमच उपासकमंडळीवांचून, अगोदर ध्वनिमुद्रित करून, ऐकविण्यांत आली. गायकवृंदांना पुढें अंतर राखून गाण्याची मुभा मिळाली. पण प्रार्थनामंदिरांतील सामान्य जनांस मोकळेपणें सूर मिळविण्यासाठीं १९ जुलै २०२१ पर्यंत थांबावें लागलें. रेव्हरंड टिळकांचीं मराठी भजनें गाणाऱ्या आपल्या इकडील ख्रिस्ती बंधूंचीं प्रार्थनामंदिरेंही आपल्या देवळांबरोबरच बंद होतीं.

पंढरीच्या वारीची कथा सर्वांस ठाऊक आहे. २०२० सालीं आषाढी १ जुलैस होती. आळंदी-देहूच्या पादुका आदल्या दिवशीं एस्.टी.च्या गाडींतून मोजक्या मंडळीसह गेल्या. २०२१ सालींही तसेंच. गाडींत बसून अभंग म्हणतां येतात, पण पावली पडत नाहीं. आषाढीस कोल्हापुराहून नंदवाळास पायीं जाणाऱ्या दिंडीलाही त्या दोन वर्षांत नेहमींचा थाट लाभला नाहीं.

मग मोबाइलचा उपाय निघाला. २२ ऑगस्ट २०२० च्या गणेशचतुर्थीस आमच्या कुटुंबांतील पुण्याचीं, बंगलोरचीं व परदेशचीं मंडळी पडद्यावर जमली. पहिल्याच कडव्यास ताल मोडला. मंत्रपुष्पांजलीच्या वेळीं तर एवढा गलका झाला कीं, शेवटीं एकानें म्हणावें आणि इतरांनीं आपापला आवाज बंद ठेवून नुसते ओंठ हालवावे असें ठरलें! कारण सोपें आहे. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे १० मीटरवरील टाळकऱ्यास मृदंगाची थाप सेकंदाच्या चौतिसाव्या हिश्शानें उशिरा ऐकूं येते. एवढें कान सांभाळून घेतो. विलंब फार वाढला कीं ठेका ढळतो. मोबाइलवर तो याच्या कित्येक पट असतो. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, जवळजवळ उभ्या करण्याची रीत कोणा गणितज्ञानें घातली नसेल, पण गणितास ती पटते खरी.

तालाचें नुकसान मात्र तात्पुरतें होतें. आम्हांस काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. भजनांत मूल शिकतें तें मागच्या रांगेंत. त्याला अभंग येत नसतो, चाल येत नसते. शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहात तें चरणाचें शेवटचें अक्षर तेवढें पकडतें. पुढल्या वर्षीं अर्धा चरण, त्याच्या पुढल्या वर्षीं सबंध. चुकलें तरी मोठ्यांच्या आवाजांत तें झांकून जातें, म्हणून लाज वाटत नाहीं. पडद्यावरील आरतींत मागची रांगच नसते. तेथें गाणारा एक आणि बाकी सारे प्रेक्षक. दोन वर्षांत आठ वर्षांचीं मुलें दहांचीं झालीं आणि हीच आरतीची रीत असें समजलीं. आतां साथ ओसरली, तरी कित्येक घरांत ध्वनिमुद्रित आरती लावून मंडळी हात जोडून उभी राहते. संसर्गाचें भय संपल्यावरही हा प्रकार चालू ठेवण्यास आळसाखेरीज दुसरें कारण आम्हांस दिसत नाहीं.

२०२२ सालीं वारी पुन्हां पायीं निघाली. त्याच चैत्रांत ज्योतिबाचा डोंगरही गजबजला. आमच्या पेठेंतील भजनी मंडळ बसूं लागलें तेव्हां मृदंगाची वादी सैल पडली होती आणि जुन्या टाळकऱ्यांपैकीं दोघे साथींत निवर्तले होते. मुलांस सकाळची शाळा असते म्हणून आम्हीं बैठकीची वेळ रात्रीं नवावरून सायंकाळीं सातावर आणली. सध्यां मागें तीन मुलें बसतात. त्यांपैकीं एकास टाळ धरतां येऊं लागला आहे.