आईच्या रडण्यालाही देवाजवळ जागा आहे

कामं उरकता उरकता कानात इअरफोन घालून ऐकताय ना? चालेल. हा भाग तुमच्यासाठीच आहे.

आज आपण आईपण आणि आशा यावर बोलणार आहोत. मातृदिनाच्या उपासनेत आईवर जे बोललं जातं ते छानच असतं, फुलंही मिळतात. पण रात्री तीनला बाळ तिसऱ्यांदा उठतं आणि सकाळी सहाला मोठ्याचा डबा करायचा असतो, तेव्हाचं कोण बोलतं? त्या वेळी मनात येतं, "बायबल उघडून महिना झाला. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. लेकरावर ओरडते आणि मग रडते. माझा विश्वासच कमी पडतोय." थकवा एकीकडे, आणि त्यावर हा अपराधीपणा. हे दुसरं ओझं आपल्यावर देवाने घातलेलं नाही, हे आज शास्त्रातूनच बघू या.

हागार: पाणी संपलं तेव्हा

उत्पत्तीचा 21 वा अध्याय काढा. हागार ही साराची मिसरी दासी. अब्राहामापासून तिला इश्माएल झाला आणि पुढे त्या मायलेकांना घराबाहेर काढलं गेलं. जवळ थोडी भाकर आणि पाण्याची एक कातडी पिशवी. बैर-शेबाच्या रानात भटकताना पाणी संपलं. तिने मुलाला एका झुडपाखाली टाकलं आणि स्वतः बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसली, कारण त्याला मरताना बघणं तिच्याच्याने होईना. आणि ती मोठ्याने रडू लागली.

आता बघा, तिने इथे काही सुंदर प्रार्थना केल्याचं लिहिलेलं नाही. ती लेकरापासून दूर गेली, याबद्दल देव तिला एका शब्दाने बोलत नाही. तुला काय झालं, असं विचारतो, भिऊ नकोस म्हणतो आणि मुलाला हात धरून उठवायला सांगतो. मग तिचे डोळे उघडतात आणि तिला विहीर दिसते.

इश्माएल या नावाचा अर्थच "देव ऐकतो". आधी, पोटुशी असताना हागार पळाली होती, ती गोष्ट 16 व्या अध्यायात आहे. तिथे तिने देवाला "मला पाहणारा देव" असं नाव दिलं. ज्या बाईला घरात कुणी नावानेही हाक मारत नव्हतं, तिला देवाने नावाने हाक मारली. त्या वेळी देवदूताने तिला परत जायला सांगितलं होतं, हे खरं. पण दुसऱ्या वेळी नाही. म्हणून छळ सोसणाऱ्या बाईला "हागारेसारखी परत जा" असा सल्ला या गोष्टीवरून कुणी देऊ नये.

हन्ना: गैरसमज झाला तेव्हा

1 शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्ना आहे. मूल नाही, सवत पनिन्ना वर्षानुवर्षं टोमणे मारते, नवरा एलकाना प्रेमळ आहे पण त्याला म्हणायचं असतं की मी आहे ना तुला! शिलो येथे ती मनातल्या मनात प्रार्थना करते, नुसते ओठ हलतात. एली याजकाला वाटतं, बाई प्यायलेली आहे. देवाच्या घरात, देवाच्या माणसाकडून असा गैरसमज!

हन्ना गप्प बसत नाही. आदराने, पण स्पष्ट सांगते की मी प्यायले नाही, मी माझं मन देवापुढे रितं करतेय. आणि एलीसुद्धा आपला शब्द बदलतो, तिला आशीर्वाद देतो. मग ती जाऊन जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहत नाही. मूल अजून झालेलं नाही बरं का! परिस्थिती तीच, सवत तीच. बदल एवढाच की दुःख आता तिच्या एकटीच्या पोटात राहिलेलं नाही.

पुढे शमुवेल होतो. त्याचं दूध तुटल्यावर ती त्याला नवसाप्रमाणे देवाच्या घरी ठेवते. आणि मग दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेते. तिच्या आईपणात विरहही होताच. विश्वासाने तो पुसला गेला नाही.

आशा म्हणजे सगळं गोड होणं का?

इथे आपल्या पंडिता रमाबाई आठवतात. 1882 साली त्यांचे पती वारले तेव्हा मनोरमा वर्षाचीसुद्धा नव्हती. पदरात लहान लेक घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि 1883 मध्ये तिथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मनोरमा आईचा उजवा हात झाली. आणि 1921 मध्ये तीच लेक आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, आणि ते बायबल 1924 मध्ये छापून आलं.

विश्वास असला की आईवर दुःख येत नाही, असं त्यांच्याकडे बघून कोण म्हणेल? ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर उभी आहे, आणि पुनरुत्थानाच्या आधी कबर आहेच. येशू स्वतः लाजाराच्या कबरेपाशी रडला, त्याला उठवणार हे माहीत असूनही.

मग या आठवड्यात काय करायचं?

पहिलं, झोप आणि जेवण. 1 राजे 19 मध्ये एलीया खचून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला दोनदा जेवू घालतो, मध्ये झोपू देतो. बोलणं त्यानंतर. थकलेल्या आईला आधी हेच लागतं. घरच्यांनो, बाळाला दोन तास तुम्ही घ्या.

दुसरं, प्रार्थना लहान असू द्या. "प्रभू, मी दमलेय" एवढं भांडी घासताना म्हटलं तरी ती प्रार्थनाच आहे.

तिसरं, बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं साधारण आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाइनवर 14416 ला फोन करता येतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील, तर एकटं राहू नका, घरच्यांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. हागारेला देवाने विहीरच दाखवली ना!

आणि मंडळीतल्या बहिणींनो, एखादी आई उपासनेत रडताना दिसली तर एलीसारखी घाई करू नका. शेजारी बसा. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे डबा पाठवा.

चला, एक मिनिट प्रार्थना करू या. हे प्रभू, आज जी आई हे ऐकतेय, तिला तू पाहतोस. तिचं जे रडणं कुणी ऐकलं नाही ते तू ऐक. तिला आज झोप दे, सोबत दे, आणि जवळची विहीर दाखव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कुणाला तरी घेऊ द्या.