राजाबाई टॉवरच्या पलीकडचं विद्यापीठ

ओव्हल मैदानात उभं राहिलं की मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतोच. उंची सुमारे 85 मीटर, काम पुरं झालं 1878 साली. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आईचं नाव लावलं. आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत. कुणाच्या डोक्यावर पगडी, कुणाच्या पागोटं. रस्त्यावरून ते नीट दिसत नाहीत; दुर्बीण लावून सवडीनं पाहावेत.

मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 चं. 1862 च्या पहिल्या पदवीधरांत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर होते. ही नावं अभिमानानं घ्यावीतच. पण हे विद्यापीठ कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी पासावर लोकलनं येणाऱ्या पोरापोरींचं म्हणेन. कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, कसारा नाहीतर विरारची गाडी पकडायची, गर्दीत नोट्सची झेरॉक्स तोंडासमोर धरायची. परीक्षेच्या दिवसांत तर अर्धा डबा अभ्यास करत असतो.

संलग्न कॉलेजं पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली. कलिन्याचं प्रशस्त विद्यानगरी संकुल अनेकांना दिसतं ते मायग्रेशनचा दाखला किंवा मार्कशीटमधली चूक घेऊन रांगेत उभं राहिल्यावरच.

नोकरी सांभाळून शिकणारे इथे पहिल्यापासून आहेत. 1946 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथे सकाळी लेक्चर करून दहाच्या सुमारास कचेरी गाठणारे कितीतरी कारकून पदवीधर झाले. 1971 साली दूरशिक्षण आलं. पोरं त्या दूरशिक्षण संस्थेला ‘आयडॉल’ (IDOL) म्हणतात. घरच्या अडचणींनी सुटलेलं शिक्षण कितीतरी बायकांनी तिथूनच पुरं केलं. विद्यापीठाच्या साऱ्या कामांत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

म्हणूनच 2017 चं वर्ष विसरता येत नाही. उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासण्याची घाई झाली, निकाल महिनोन्‌महिने रखडले. बाहेरगावच्या प्रवेशांच्या तारखा कुणासाठी थांबल्या नाहीत. ज्यांच्या घरात फी भरणारा एकच हात होता, त्यांचं एक वर्ष गेलं. मनोऱ्याच्या डागडुजीला पैसा मिळतो, मिळायलाच हवा. तेवढ्याच आस्थेनं परीक्षा विभागाला पुरेशी माणसं द्या आणि निकालाची जाहीर केलेली तारीख पाळा.