दुष्काळी मुलखांतील हिरवळ

घरापुढें किंवा शाळेच्या आवारांत हिरवळीचा एखादा तुकडा असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. उन्हांतून आलेल्या माणसाच्या डोळ्यांस तिच्यानें गारवा मिळतो, फुफाटा दबतो व मुलांस बसावयास मऊ जागा होते. परंतु शिरूर व दौंड ह्या तालुक्यांत ही इच्छा पुरी करावयाची म्हणजे प्रथम पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. तो मांडल्यावर हिरवळीचा नाद सोडावा लागतो, कीं तिची रीत बदलावी लागते, ह्याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

बारमास हिरवळ राखण्याची हौस आपल्याकडे इंग्रजांच्या बंगल्यांबरोबर रुजली. शिरूर येथें एकोणिसाव्या शतकांत त्यांची लष्करी छावणी होती. त्यांच्या देशीं पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो व ऊन सौम्य असतें. त्यामुळें तेथील गवत फारसे श्रम न घेतां हिरवें राहतें. आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. ढग मावळांतच रिते होतात आणि घोड व भीमा ह्या नद्यांच्या कांठच्या ह्या पूर्वेकडील भागांत वर्षाकाठीं सरासरी सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बहुतेक जून ते ऑक्टोबर एवढ्या अवधींत. पुढें उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपर्यंत चढतो.

आतां हिशेब पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें. कडक उन्हाळ्यांत हिरवेंगार राखलेलें गवत दिवसास सुमारें ५ मिलिमीटर पाणी हवेंत उडवितें. म्हणजे १० मीटर लांब व तितक्याच रुंद अशा लहानशा तुकड्यास रोज ५०० लिटर पाणी लागतें. सरकारच्या जलजीवन मिशन योजनेनें खेड्यांतील दर माणशीं दिवसाचें ५५ लिटर पाणी धरलें आहे. तेव्हां एवढीशी हिरवळ रोज नऊ माणसांचें पाणी पिते! २०१६ सालच्या दुष्काळांत लातूर शहरास आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें. आणि त्याच एप्रिल महिन्यांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें, मैदानांवर खर्च होणारें पाणी लक्षांत घेऊन, आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितलें. गवताचें पाणी आणि माणसाचें पाणी हीं दोन नव्हत, हें त्या वर्षीं सर्वांस कळून चुकलें.

मग उपाय काय? तो आपल्या पायांखालींच आहे. ज्या हरळीस आपण दूर्वा म्हणून ओळखतों, तीच ह्या मुलखाची खरी हिरवळ होय. शेतकरी तिला वैरीण मानतो. काळ्या रानांत ती एकदां शिरली, कीं खणून खणून हात दुखतात, तरी एखादें पेर मागें राहतें व पुन्हां फुटतें. परंतु ज्या गुणामुळें ती शेतांत नकोशी होते, तोच गुण अंगणांत उपकारक ठरतो. पाणी तुटलें म्हणजे तिचीं पानें वाळतात, पण जमिनीखालच्या कांड्या जिवंत राहतात. आणि पाऊस पडतांच थोड्याच दिवसांत ती पुन्हां हिरवी होते.

लागवड पावसाळ्याच्या आरंभीं करावी. जमीन वीतभर खोल खणून दगड व लव्हाळ्याच्या गांठी वेंचून काढाव्या. मुरमाड जमिनींत कुजलेलें शेणखत भरपूर घालावें, म्हणजे ओल टिकते. पाणी सांचूं नये म्हणून किंचित् उतार ठेवून जागा सारखी करावी. नंतर मुळें असलेल्या कांड्या चार चार बोटांच्या अंतरानें लावून माती दाबावी. झाडाच्या दाट सावलींत हरळी वाढत नाहीं. करितां कडुलिंबाखालची जागा तशीच सोडावी, गवतासाठीं लिंब मात्र तोडूं नये.

रोज थोडें थोडें पाणी शिंपडणें ही चुकीची रीत आहे. त्यानें मुळें वरच्या वरच राहतात व एका दिवसाच्या उन्हानें गवत करपतें. त्यापेक्षां कांहीं दिवसांच्या अंतरानें, पहांटे, माती खोल भिजेल असें पाणी द्यावें, म्हणजे मुळें ओलीच्या शोधांत खालीं जातात. कापतांना उंचीच्या तृतीयांशाहून अधिक कापूं नये, व कापलेलें बारीक गवत तेथेंच पडूं द्यावें. स्नानाचें सांडपाणी हरळीस चालतें. मात्र धुण्याच्या सोड्याचें पाणी सारखें घातल्यास जमीन बिघडते.

उन्हाळा लागला म्हणजे पाणी आंखडतें घ्यावें. तीन-चार आठवड्यांनीं एकदां भिजविलें तरी कांड्यांचा जीव राहतो. गवत पिवळें पडेल, पाहुणे नांवें ठेवतील. तीं खुशाल ठेवूं द्यावीं. वैशाखांत ह्या मुलखांतील माळ पिवळाच असतो, व त्यास कोणी मेलेला म्हणत नाहीं. १९७२ सालच्या दुष्काळाच्या आठवणी ज्या घरांत अद्याप सांगितल्या जातात, त्या घरापुढील गवतानें उन्हाळ्यांत हिरवें राहण्याचा हट्ट धरूं नये. विद्यार्थ्यांनीं आपल्या अंगणांत हरळीचा लहानसा तुकडा लावून हा प्रयोग अवश्य करून पाहावा, अशी आमची त्यांस शिफारस आहे.